भिजक्याची डोंगरापलीकडची

पाण्याच्या टँकरवरच्या भिजक्यानं डोंगरापलीकडे बाई ठेवलीय, अशी कुजबुज होती. असली बातमी एका तोंडात थोडीच मावते!

भिजक्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाइप जोडता-सोडता हा माणूस कायम गुडघ्यापर्यंत ओला, म्हणून भिजक्या. एका बायकोसमोर ज्याचं तोंड उघडत नाही, तो दुसरी कुठून सांभाळणार? पण पुरावा तगडा होता. डोंगराअलीकडच्या गावात टँकर उशिरा पोचायचा आणि तोही अर्धा रिकामा. "उरलेलं काय तिच्या आंघोळीला?" लोक विचारायचे. "गावालाच दिलं," भिजक्या म्हणायचा. पलीकडच्या गावाचं नावही तेच असल्यामुळे त्याला खोटं पाडणं अवघड होतं.

शेवटी तक्रार पाणी-कार्यालयात गेली. साहेबांनी दम भरला, "पुन्हा टाकी अर्धी पोचली, तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं."

त्याची बायको कपडे शिवायची. तिच्याकडे येणाऱ्या बाया कापडाबरोबर बातम्याही टाकून जायच्या. ही बातमी आली तशी तिनं दोरा तोडला, मशीन झाकलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ टँकरच्या केबिनमध्ये चढून बसली.

"अगं, कुठं निघालीस?"

"सवतीला भेटायला. चला."

"आज नको. उतर."

"का, बाईसाहेबांना आज सवड नाही?"

भिजक्यानं मुकाट गाडी काढली. फाट्यावर मात्र थांबला. डावा रस्ता अलीकडच्या गावाचा, उजवा डोंगर चढून पलीकडे जाणारा.

"आज अर्धी पोचली, तर नोकरी गेली," तो म्हणाला.

"म्हणजे नोकरी जाऊ दे, पण तिला भेटायचंच?"

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग गाडी उजवीकडे वळवली.

पलीकडच्या गावातल्या विहिरीत नुसता चिखल उरला होता. रस्त्याच्या कडेनं हंडे, बादल्या, तेलाचे डबे; एका म्हातारीच्या हातात तर औषधाची रिकामी बाटली. त्यांच्यामागे बायाच बाया. बायकोनं एकेक चेहरा निरखून पाहिला.

"यातली कोणती?"

"सगळ्याच," पाइप सोडत तो म्हणाला.

ती खाली उतरली, बाह्या सरसावल्या आणि ओरडली, "ओ मावशी, ढकलू नका. सगळ्यांना मिळेल."

"तू गं कोण?"

"तुमच्या ह्याची बायको."

बायांमध्ये हशा पिकला. म्हातारीनं बाटली पुढे केली.

अलीकडच्या गावात लोकांनी टाकीत काठी घालून पाहिली. अर्ध्यापर्यंतच ओली झाली. त्याच संध्याकाळी किल्ली साहेबांच्या टेबलावर होती.

"साहेब, गावं दोन आहेत. मागेच सांगितलं होतं."

"आणि एकाच नावावर दोन टँकर मागू? वरचे म्हणतील, एकातलं पाणी हा साहेबच लाटतो. नसतं लचांड माझ्या गळ्यात नको."

आता घर बायकोच्या मशीनवर चालतं आणि भिजक्या काजं-बटणं करतो. बऱ्याच दिवसांत ओला दिसलेला नाही. लोक म्हणतात, नोकरी गेली तशी ती बाईही सोडून गेली.

बाई नव्हती. एका नावाची दोन गावं होती, पाणी-कार्यालयाच्या लेखी एकच, आणि भिजक्या एक टाकी दोघांत वाटत होता. नवा ड्रायव्हर वाटत नाही.