तीन दवाखाने, एक सर्व्हर

पेण आणि रोह्यातल्या तीन दवाखान्यांसाठी मी पेशंटच्या नोंदी ठेवणारं वेब ॲप्लिकेशन बनवलं होतं. डॉक्टर लॉगिन करून आपापले पेशंट बघायचे. आत मात्र सर्व्हरवर एकच ॲप्लिकेशन चालत होतं आणि तिघांच्या नोंदी एकाच डेटाबेसमध्ये पडत होत्या. कुणाला काय दाखवायचं, हे फक्त माझा कोड ठरवायचा. पेणच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "माझं सगळं वेगळं आहे ना?"

"हो सर, अगदी वेगळं," मी म्हणाले होते. प्रत्येकासाठी ॲप्लिकेशनची स्वतंत्र प्रत चालवायची म्हणजे प्रत्येक दुरुस्ती तीनदा करायची. मला त्याचा कंटाळा होता.

पुढे मी आडनावावरून पेशंट शोधायची सोय केली आणि त्यात दवाखान्याची अट घालायला विसरले. चौथ्या दिवशी सकाळी पेणहून डॉक्टरांचा फोन आला.

"माझी पेशंट रोह्याच्या दवाखान्यात कशी दिसते?"

मी आधी सर्व्हर बंद केला. तिन्हीकडे रांगा होत्या, सगळ्यांना नोंदी कागदावर लिहाव्या लागल्या. मग रोह्याहून पेणला जायला स्कूटर काढली. नागोठणे, वडखळ, कसा रस्ता सरला कळलं नाही.

डॉक्टरांच्या समोर एक तिशीची बाई बसली होती. नवरा रोह्याजवळच्या धाटावला कंपनीत, सासर रोह्यात. मन सतत घाबरतं म्हणून ती गोळ्या घ्यायची आणि रोह्यात कुणाला कळू नये म्हणून एवढ्या लांब पेणला यायची. तिची नणंद रोह्याच्या दवाखान्यात नोंदी करायला होती. घरचंच आडनाव टाईप करताना तिच्यासमोर वहिनीचं नाव, आजार, गोळ्या, सगळं आलं.

"ताई, तिनं मुद्दाम नाय शोधलं," ती बाई म्हणाली. "पण घरी सांगितलंन. आता भात जरा लागला तरी सासू विचारते, गोळी घेतलीस नाय का गो?"

मी माफी मागितली. चूक माझी आहे, डॉक्टरांची नाही, हेही सांगितलं.

"मग आता पुसा ना ते," ती म्हणाली.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते तिला म्हणाले, उपचाराची नोंद मला ठेवावीच लागेल, पण तुझी फाईल कागदावर करून माझ्या कपाटात ठेवतो. ती उठली. "घरच्यांच्या डोक्यातनं कोण पुसणार?" एवढंच म्हणून ती एसटी स्टँडकडे निघून गेली.

पुढचे पाच दिवस मी फक्त वेगळं करत होते. प्रत्येक दवाखान्याला ॲप्लिकेशनची स्वतःची प्रत, स्वतःचा डेटाबेस, सर्व्हरवर स्वतःचं वेगळं खातं. एकातून दुसऱ्यात डोकावता येतं का, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. येत नव्हतं. काम अवघड नव्हतंच, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मग मी तिन्ही डॉक्टरांना समोर बसून खरं सांगितलं. रोह्याच्या दोघांनी ऐकून घेतलं. पेणच्या डॉक्टरांनी मात्र नोंदींची पेनड्राइव्ह मागून घेतली.

"तुम्ही चुकलात ते समजू शकतो," ते म्हणाले. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात."

ॲप्लिकेशनची त्यांची प्रत मी त्याच दुपारी बंद केली. महिन्याभराने धीर करून फोन केला आणि त्या बाईचं विचारलं.

"येत नाही ती आता," ते म्हणाले. "गोळ्या चालू आहेत की नाहीत, मलाही माहीत नाही."