मागच्या कोपऱ्यातली पाचर

इरशाद आमच्या आखातातल्या वर्कशॉपचा सुतार, मूळ दाभोळचा. माणूस इतका हट्टी की पटाशीला धार लावताना कुणी 'यल्ला', म्हणजे 'चल लवकर', म्हटलं तर दिवसभर त्याच्याशी बोलायचा नाही. मी पॉलिशवाला. त्याने बनवायचं आणि मी चमकवायचं, असा आमचा अकरा वर्षांचा संसार. बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत खोलीही एकच.

त्याला घडवलं युर्गन मास्तरांनी. हे म्हातारे जर्मन सुतार आमच्याकडे शिकवायला होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या सुतारांच्या संघाची, म्हणजे गिल्डची, रीत चालत आलेली. शिकून झालं की तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरायचं, घराकडे फिरकायचं नाही. आम्ही कोकणातले ते न शिकताच करतो, असं मी म्हणायचो. मग परीक्षेची वस्तू करायची. मास्तर तिचा प्रत्येक सांधा बोटाच्या पेराने तीनदा ठोकून ऐकणार. खोट निघाली तर करणाऱ्याने ती वस्तू सगळ्यांसमोर स्वतः फोडायची. कॉम्प्युटरवर लाकूड कापायच्या जमान्यातही मास्तरांनी ही रीत सोडली नाही.

इरशादने सागवानी पेटी केली. खिळा एकही नाही, दातात दात बसवलेले सांधे. तिच्यावर त्याचं फोरमन होणं ठरणार होतं. मास्तर उपचारासाठी जर्मनीला गेले, परत येऊन ऐकतो म्हणाले, आणि तिकडेच वारले. बातमी आली तेव्हा इरशाद नुसता 'हं' म्हणाला आणि रंधा मारत राहिला. मॅनेजर अभिजित सर म्हणाले, परीक्षा झाली असं समजू, रविवारी कंपनीच्या मोठ्या साहेबांना पेटी दाखवू.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मशिनं बंद झाली आणि पेटी वाजली. टक, टक, टक. मग थांबली, कुणी उत्तराची वाट बघावी तशी. पुन्हा तीनदा. खोटं कशाला सांगू, माझी बोबडी वळली. सर म्हणाले, एसीने लाकूड तडकतं. तडकतं, कबूल. पण तडकणारं लाकूड तीन मोजून थांबत नाही. त्यानंतर रोज त्याच वेळी, मागच्या उजव्या कोपऱ्यातून तोच आवाज.

शनिवारी इरशाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "तिकडं पाचर हाय. दात ढिला पडला, मी पाचर मारून भुसा भरला. कोनाला दिसनार नाय."

मी म्हटलं, मग गप्प बस. मास्तर गेले, खलास. तू फोरमन हो.

रविवारी साहेब यायच्या आधी त्याने सगळ्यांना जमवलं, पाचरीची गोष्ट सांगितली आणि हातोडा उचलला. सर अडवायला धावले. तो कोपरा एका घावात सुटला. बाकीचे सांधे इतके पक्के होते की फोडताना त्याला घाम फुटला. फोरमनकी अर्थात दुसऱ्याला गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली. आम्ही सगळे फोडलेल्या पेटीच्या फळ्यांभोवती कान देऊन उभे होतो. काहीच वाजलं नाही. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, झालं मास्तरांचं समाधान.

इरशाद फळ्यांच्या ढिगावर खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला.

"आता माझा काम कोन ऐकनार?" तो म्हणाला.