ओट्यावरचे डाग

बायको गेल्यावर मी दगड बघू लागलो. घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि दगडासमोर कितीही वेळ उभं राहिलं तरी तो तब्येतीची चौकशी करत नाही.

सुरुवात कोळगावला झाली. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी करायच्या कागदासाठी कचेरीत मान खाली घालून बसलो होतो. पायाखालच्या पिवळ्या फरशीत एक शिंपला दिसला, दगडातच मुरलेला. त्याच्याकडे बघण्याच्या नादात शिपायाने माझं नाव पुकारलेलं ऐकूच आलं नाही.

मग दगडांवरचं एक पुस्तक आणलं. बोईसरच्या जुन्या कुंपणांचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे या वयात कळलं. घिवलीत एका पडक्या घराच्या जोत्याचे दगड तर नुसते वाळू-शिंपल्यांचे. मी वाकून बघत होतो, तेव्हा मासळी वाळवणाऱ्या एका म्हातारीने विचारलं, "काय हरवलाय काय तुमचा?"

"काही नाही, दगड बघतोय."

"घरी कोन नाय वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा मासळी पालथी करू लागली. मला राग आला, पण खोटं काय बोलली होती?

त्याच आठवड्यात पुस्तकात कडप्प्याचं पान आलं. आमचा स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचा. बायको लिंबं चिरायची ती जागा पांढुरकी पडली होती आणि त्यावरून मी तिला वीस वर्षं बोललो. "जरा जोर लावून घासत जा." ती घासायची, वर खोबरेल चोळायची. दोन दिवस बरं दिसायचं, की पुन्हा डाग वर. पाहुण्यांसमोरसुद्धा मी ते बोलून दाखवायचो.

पुस्तकात लिहिलं होतं, कडप्पा हा चुनखडीचा दगड. आंबट लागलं की त्याचा वरचा थर विरघळतो. म्हणजे तो डाग नव्हताच, दगडच तेवढा झिजला होता. घासून काय निघणार? आणि मी तारापूरच्या कारखान्यात उभी हयात ॲसिडच्या टाक्यांवर काढलेला माणूस. थेंब सांडला तर लादीचं काय होतं, ते नव्या कामगारांना मीच शिकवायचो. घरात मात्र चूक तिचीच, हे मी आधीच ठरवून टाकलेलं.

पुस्तक मिटून ओट्यापाशी गेलो. "तुझी चूक नव्हती," असं मोठ्याने म्हणालो आणि माझीच मला लाज वाटली.

शेवटच्या आजारात दवाखान्यात ती म्हणाली होती, "घरी आले की ओटा एकदा नीट घासून घेते."

मी "बरं" म्हणालो होतो.