गाडी आली, पळा!

मोजेवाल्या काकांचं दुकान म्हणजे एक चादर. तिच्यावर मोजे, रुमाल, लहान मुलांच्या टोप्या. बँकेच्या पायऱ्यांना लागून फुटपाथवर ती पसरायची, एका बाजूला काकांनी बसायचं, दुसऱ्या बाजूला काकूंनी. कोपऱ्यावरच्या चावीवाल्यानं "गाडी!" म्हणून बोंब ठोकली की दोन टोकं काकांनी उचलायची, दोन काकूंनी, मधे गाठ मारायची आणि धूम ठोकायची. गाडी म्हणजे नगरपालिकेची, पिवळी. तिच्यात माल गेला की गेलाच, मग कितीही नाक घासा.

पळण्यातही दोघांची रीत होती. काका गाठोडं घेऊन एका गल्लीत, काकू मोकळ्या हातानं भलत्याच बाजूला, म्हणजे मागे लागणारा चक्रावला पाहिजे. मग भेटायचं बंद पडलेल्या छापखान्याच्या जिन्याखाली. जो आधी पोचेल त्यानं थांबायचं, दुसरं माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. गुडघ्यांमुळे काकू कायम मागे. आल्या की धापा टाकत गाठोडं सोडायच्या आणि विस्कटलेले मोजे जोडीनं लावत तोंडाचा पट्टा सुरू. "अहो, गाठ मारता की सूड उगवता? नखं तुटली माझी!" काका गप्प ऐकायचे. खरं सांगू का, उभ्या संसारात एवढा निवांतपणा त्यांना दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

फुटपाथवर बसायच्या परवानगीचा ध्यास काकूंचा. "म्हातारपणी मला पळायचं नाही. गाडी समोरून गेली तरी मान वर करायची नाही, असं बसायचंय," म्हणायच्या. काकांच्या नावानं अर्ज भरून नगरपालिकेत खेटे घातले ते त्यांनीच. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. इथे थांबता थांबता काकूच गेल्या. साधा ताप काय आला, आणि बघता बघता घर ओकंबोकं झालं.

लांबच्या शहरातून मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, आता कशाला बसता रस्त्यावर? इकडे या." काकांचं ठरलेलं उत्तर, "आईनं अर्ज केलाय. परवानगी येऊ दे, मग बघू." घरी कुलूप स्वतःच लावायचं आणि स्वतःच उघडायचं. रस्त्यावर निदान चावीवाला हाक तरी मारायचा. चादरीची काकूंची बाजू मात्र मोकळीच राहिली. गिऱ्हाइकानं तिथे पिशवी ठेवली तरी काका खेकसायचे, "तिथे नको!"

आणि एके दिवशी परवानगीच्या यादीत काकांचं नाव लागलं. आता फक्त जागेची पाहणी व्हायची होती. माणूस मालासकट जागेवर दिसला, फोटो निघाला, की परवानगी पक्की. नाही दिसला तर जागा दुसऱ्याला. चावीवाल्याचं स्वतःचं नाव लागलं नव्हतं, तरी पठ्ठ्या रस्ताभर सांगत सुटला, "आमच्या काकांचं काम झालं!"

सगळ्यांना वाटलं, पाहणीला कोणी साहेब येईल स्कूटरवरून. आल्या एक मॅडम, आणि आल्या कशातून? त्याच पिवळ्या गाडीतून! ऑफिसची दुसरी गाडी गॅरेजात होती म्हणे. चावीवाल्याला पिवळं दिसलं आणि डोक्याच्या आधी तोंड धावलं. "गाडी आली, पळा!" अख्खा फुटपाथ उठला. काकांनी चारही टोकं एकट्यानं गोळा केली आणि सुसाट सुटले. परवानगी द्यायला आलेल्या माणसाला पाठ दाखवून पळणारे पहिलेच म्हणायचे!

चावीवाल्याला चूक कळली. "थांबा हो मॅडम, आत्ता आणतो," म्हणून तो गल्ल्या धुंडाळत फिरला. मॅडम बिचाऱ्या थांबल्याही बराच वेळ. पण जिना ठाऊक होता फक्त दोघांना.

काका तिथेच होते. दम खाऊन झाला, रस्त्यावरचा गलका शांत झाला, तरी उठले नाहीत. नेहमीप्रमाणे गाठोडं सरकवून त्यांनी शेजारी जागा केली होती. आज जास्तच उशीर केला हिनं, असं त्यांच्या मनात आलं. आणि मग आठवलं. एवढा थोराड माणूस, गाठोड्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला.

परत आले तेव्हा गाडी निघून गेली होती. चावीवाल्यानं कपाळावर हात मारला. "दैव देतं आणि कर्म नेतं! तेही माझ्या मेल्या तोंडाचं कर्म! होतात कुठे काका इतका वेळ?"

"बसलो होतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत मॅडमनी विचारलं, "अहो, पळालात कशाला? आम्ही तुम्हाला द्यायला आलो होतो!"

"गाडी काय सांगते का मॅडम, न्यायला आलीये की द्यायला?"

मॅडमना हसू फुटलं, पण काकांचा चेहरा बघून त्या थांबल्या. "उद्या सकाळी येते. शेवटचं हं. आणि गाडी तीच असणार."

सकाळी चादर पसरून काका चावीवाल्याला म्हणाले, "माझा माझ्यावर भरवसा नाही रे. गाडी दिसली की हात आपोआप टोकं धरतात." जित्याची खोड, दुसरं काय! मग जरा वेळानं, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू ये इकडे. हिच्या बाजूला बस."

चावीवाला क्षणभर घुटमळला. मग चपला काढून त्या दोन टोकांवर बसला. गाडी आली. बाकीचे पांगले. काकांच्या हातांनी टोकं धरलीच, ओढलीही, पण चादर हलेना. चावीवाला दातओठ खात पुटपुटला, "बसा काका! वर गेल्यावर काकूंना काय सांगाल?" फोटोच्या वेळी मॅडमनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. फोटोत काका एकटेच आले.

परवानगीचं कार्ड गळ्यात आलं. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "छान झालं बाबा. आता येताय ना?" काका म्हणाले, "बघू."

आणि थोड्या दिवसांनी गाडी आली, खरीखुरी, माल उचलायला. "काका, तुम्ही बसा!" असं पळता पळता चावीवाला ओरडला. काका बसले. काकू म्हणायच्या तसे, मान वर न करता. फुटपाथ एकदम रिकामा झाला. कोणाचा तरी कंगवा तेवढा पडलेला. गाडी समोर थांबली, आतल्या माणसानं कार्ड बघितलं आणि तोंड फिरवलं. ना शिवी, ना दमदाटी. काकूंनी मागितलं होतं ते अगदी तस्संच मिळालं होतं, आणि बघायला त्याच नव्हत्या. काकांना ते बसणं सहन होईना. त्यांनी टोकं गोळा केली आणि पळाले.

चावीवाल्यानं त्यांना गल्लीत शिरताना पाहिलं आणि मागोमाग जिन्याखाली आला. "कमाल केलीत काका! कार्ड गळ्यात आणि पळताय कशाला?"

"सगळे गेले," काका म्हणाले. "एकटा काय करू तिथे?"

 चावीवाला बाहेर डोकावून आला. "गेली गाडी. चला, उठा."

"थोडं थांबू. इथून दुसरं माणूस आल्याशिवाय उठायचं नसतं."

"मी आलोय की."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "हो, तू आलायस," ते म्हणाले, आणि तरी बसूनच राहिले.