तलावाबद्दलचं एक वाक्य

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या हबीब सरांच्या हाती हे पान पडलं असतं, तर समासात लाल पेन्सिलीनं त्यांनी दोन शब्द नक्की लिहिले असते, ‘कोनं सांगतलं?’ या वेळी मी उत्तर देऊ शकतो. यातलं सगळं मी स्वतः पाहिलं आहे. शेवटचं तेवढं वडिलांनी सांगितलं आहे.

हबीब सर आम्हाला इतिहास-भूगोल शिकवायचे. सिंदेवाहीच्या बाजारात त्यांच्या वडिलांचं कल्हईचं दुकान होतं. सर उंच आणि थोडे वाकलेले होते. खिशात दोन्ही टोकांनी तासलेली लाल पेन्सिल असायची. वर्गात कोणी काहीही म्हटलं की त्यांचा तोच प्रश्न यायचा.

“सरजी, उद्या सुट्टी हाये म्हनते.”

“कोनं सांगतलं?”

“गोलू म्हनत होता.”

“काऊन रे गोल्या, तुले कोनं सांगतलं?”

गोलूला मागच्या बाकावरच्यानं सांगितलेलं असायचं, त्याला खिडकीजवळच्यानं, आणि फिरत फिरत ती सुट्टी पहिल्या पोरापाशीच परत यायची. सगळा वर्ग हसायचा. सर म्हणायचे, “पाह्यलं? जिथून निंगाली तिथीच आली. ह्या गोष्टीले घरच नाई.”

आम्ही नववीत असताना शाळेत प्रकल्प सुरू झाले. तेव्हा चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानामागे तीन कॉम्प्युटर नवेच आले होते. कोणालाही लिहिता येतं असा मुक्त ज्ञानकोश इंटरनेटवर असतो, हे आम्हाला त्या दुकानात कळलं. पण लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ‘पाणी’ या विषयावरचं पान काढून अकरा जणांनी तेच उतरवलं. एकानं प्रत्येक मथळ्यापुढचा ‘संपादन’ हा शब्दसुद्धा उतरवला होता.

“हे ‘संपादन’ काय हाये रे?”

“मालूम नाई, सर. तिथी होतं.”

“अन् तू लिवलं?”

“चांगल्या अक्षरात लिवलं, सर.”

सर रागावले नाहीत. त्या रविवारी ते स्वतः दुकानात जाऊन बसले. सोमवारी वर्गात आले ते वेगळेच दिसत होते. “लेकहो, त्या शब्दावर दाबलं का पान उघडते. कोनीबी लिहू शकते, तुमीबी. मंग उतरवून काऊन राह्यले? आपल्या गावांचं तिथी काहीच नाई, मी पाह्यलं.”

मग त्यांनी प्रकल्प दिला. प्रत्येकानं आपल्या गावाच्या तलावाबद्दल लिहायचं. अट एकच होती. वहीत प्रत्येक वाक्यासमोर सांगणाऱ्याचं नाव हवं. “वेबसाईटले तोंड नसते. मानसाले असते. त्याले जाऊन पुन्हा विचारता येते.”

आम्ही ढिवर. वडील गावच्या तलावात मासे धरायचे. जाळ्यांचे प्रकार, माशांची नावं, कुठल्या महिन्यात कुठल्या काठाला काय मिळतं, हे सगळं मी विचारून लिहिलं आणि समोर नावं घातली. फक्त तलाव कोणी खोदला हे कोणाला सांगता येईना. बाकीच्या पोरांच्या वह्यांत पाटलांची, मालगुजारांची म्हणजे जुन्या जमीनदारांची नावं होती. माझ्या वहीत ती ओळ रिकामी होती. मी लिहिलं, ‘हा तलाव ढिवर समाजातील सोमा नावाच्या पुरुषाने लोकांना सोबत घेऊन खोदला.’ समोर लिहिलं, ‘आजोबांनी सांगितले.’

आजोबा माझ्या जन्माआधीच वारले होते. सोमा हे नाव मला तेव्हाच सुचलं होतं.

असं का केलं, याचं कारण मी पुष्कळ शोधलं. वर्गात आम्हाला ‘मासोळीवाले’ म्हणत, एकदा तरी आमच्या माणसाचं नाव कशावर तरी असावं असं वाटलं असेल. पण हे कारण मला नंतर सुचलेलं असू शकतं. त्या दिवशी तर फक्त रिकामी ओळ दिसत होती.

वह्यांतलं ज्ञानकोशात टाकायला सर दुकानात बसले, तेव्हा मी शेजारी होतो. वीज जायच्या आत व्हावं म्हणून ते एका बोटानं घाईघाईनं टाईप करत होते. त्या वाक्यापाशी ते थांबले. “आजा हाये तुझा? नशीबवान हायेस लेका.”

“हाव, सर.”

“एक डाव भेटीन मी त्याले.” आणि त्यांनी ते वाक्य टाकलं. माझ्या वहीला लाल पेन्सिल लागली नाही.

पुढच्या वर्षी तालुक्यात एका कार्यक्रमाची स्मरणिका निघाली. तिच्यात तलावांवर लेख होता आणि त्यात माझं वाक्य होतं, जसंच्या तसं. सर ती स्मरणिका छातीशी धरून वर्गात आले. “पाह्य, छापून आलं! तुझ्या आज्याचं बोलनं छापून आलं!” त्याच संध्याकाळी त्यांनी ज्ञानकोशात त्या वाक्याखाली स्मरणिकेचा संदर्भ जोडला. जिथून निघाली तिथेच गोष्ट परत आली होती. फक्त या वेळी त्यांनी विचारलं नाही. मी तेव्हा सांगायला हवं होतं.

मी त्याच शाळेत अकरावीत गेलो तेव्हा आमच्या मच्छीमार सोसायटीच्या तलावाच्या लीजची मुदत संपली. दुसऱ्या एका सोसायटीनं तलाव मागितला. तिच्यामागे शहरातला ठेकेदार होता. आमच्या लोकांना अर्ज लिहिता येईना, म्हणून वडील सरांकडे गेले. सरांनी चार दिवस बसून अर्ज केला. कोणाची कितवी पिढी, कोणाचं जाळं कुठे लागतं, सगळं नावानिशी होतं. पहिल्याच पानावर माझं वाक्य होतं आणि सोबत स्मरणिकेची झेरॉक्स.

सुनावणीला मी वडिलांसोबत गेलो होतो. समोरच्या वकिलानं जुन्या बंदोबस्ताच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जमीनमोजणीच्या, कागदाची नक्कल काढली. तलाव मालगुजारानं खोदला होता. मग त्यानं स्मरणिका उचलली, तिच्यातल्या लेखाच्या लेखकाचं पत्र दाखवलं, आणि हसत म्हणाला, “मास्तर, पुस्तकात आलं वेबसाईटवरून. वेबसाईटवर टाकलं तुम्ही. आणि आता पुस्तक आम्हालाच दाखवता?”

खोलीत हसू पसरलं.

“तुम्हाला हे सांगितलं कोणी?” वकिलानं विचारलं.

सरांनी मान वर केली. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्यांची नजर माझ्यापाशी आली, क्षणभर थांबली आणि परत गेली.

“कोणी नाही. मीच लिहिलं.”

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. तोंड होतं मला. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

“मग बाकीचंही तुम्हीच लिहिलं असेल,” वकील म्हणाला. बाकीचं सगळं खरं होतं.

लीज दुसऱ्या सोसायटीला गेली. त्या एका वाक्यामुळेच गेली का, हे मला सांगता येणार नाही. आदेशात तसं लिहिलेलं नव्हतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या गावातली माणसं मिरची तोडायला आंध्रात गेली, आणि वडील गडचांदूरकडे दगडाच्या खाणीवर गेले. जाळं घरात खुंटीला टांगलेलं राहिलं. त्याला उंदरांनी भोकं पाडली.

शाळेनं सरांकडून खुलासा मागवला. ज्ञानकोशाचा प्रकल्प बंद झाला आणि सूचना फलकावर लागलं, ‘प्रकल्पासाठी वेबसाईट वापरू नये.’ पोरं सर दिसले की लपून ओरडायची, “कोनं सांगतलं?” आणि दुसरीकडून उत्तर यायचं, “मीनंच!” सरांनी वर्गात तो प्रश्न विचारणं सोडून दिलं. वहीत काहीही लिहिलं तरी खाली फक्त सही येऊ लागली. मला वाटतं, त्यांना झालेली शिक्षा हीच होती.

बारावीनंतर नागपूरच्या वसतिगृहासाठी दाखला हवा होता. मी त्यांच्या घरी गेलो. ते निवृत्तीला आले होते. त्यांनी छापील कागद पुढे ओढला आणि नेहमीसारखं कंसात लिहीत गेले. ‘मेहनती आहे (मी स्वतः पाहिले).’ ‘गरजू आहे (वडिलांनी सांगितले).’ ‘प्रामाणिक आहे’ हे शब्द छापलेलेच होते. त्यांच्यावर त्यांनी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. खाली सही केली आणि कागद माझ्या हाती दिला.

“जा. शिक.”

वसतिगृहाच्या बाबूनं विचारलं, “हे का खोडलं?” मी म्हणालो, “सर असेच आहेत. डोळ्यांनी दिसत नाही ते लिहीत नाहीत.” माझा तसा खरंच समज होता.

नागपूरला कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी ते पान उघडलं. वाक्य अजून होतं. पानाचा जुना इतिहास पाहिला तर सरांनी ते सात वेळा काढलं होतं. दर वेळी कोणीतरी दूरच्या, आम्हाला न ओळखणाऱ्या माणसानं परत आणून ठेवलं होतं, ‘छापील संदर्भ असलेला मजकूर काढू नये.’ मीही काढलं. कारणाच्या चौकटीत टाईप केलं, ‘हे मी बनवले होते.’ मग ते खोडलं आणि लिहिलं, ‘दुरुस्ती.’ दुसऱ्या दिवशी वाक्य परत आलं होतं.

दिवाळीत गावी जाईन तेव्हा सरांना सगळं सांगायचं, असं मी ठरवलं. काय बोलायचं ते कागदावर लिहूनही काढलं. दिवाळीला आठ दिवस असताना शेजारच्या दुकानातून वडिलांचा फोन आला.

“तुझा तो सर गेला बापा. महिना झाला म्हनते. आमाले आज समजलं.”

 वडिलांना वाटलं लाईन कटली.

“हालो? आयकून राह्यला का? लय भला मानूस होता. त्या सुनावनीच्या मंग आपल्या घरी बी आल्ता, सायकलीनं, एवढ्या उन्हात. म्हने, तुमच्या बुढ्याले भेटाचं हाये, त्यायले माफी मांगाची हाये. मी म्हनलं, सरजी, बुढा तं ह्या पोराच्या जन्माच्या आंधीच मेला.”

“मग?”

“मंग काय, बसला जराक. पानी पेला. म्हने, पोराले सांगू नोका मी आल्तो म्हून, त्याची परीक्षा हाये.”