विहिरीतला लाल थर

बिडकीनजवळच्या आमच्या शेतात धाकट्या भावानं विहीर खोदायला घेतली, तेव्हा मी संभाजीनगरला शाळेत भूगोल शिकवत होते. एका रविवारी सकाळीच त्याचा फोन आला.

"ताई, काळा पाषाण संपला अन् खाली लाल माती लागली. असं कसं?"

खडकाखाली माती? मला काही पटेना. वर माती, मग मुरूम, मग खडक, असंच मी मुलांना सांगत आले होते. बस पकडून शेतावर गेले आणि पदर खोचून शिडीनं विहिरीत उतरले. खरंच, काळ्या पाषाणाच्या खाली हातभर जाडीचा लालभडक पट्टा होता. वरच्या अंगाला विटेसारखा भाजलेला, खाली मऊ.

खोदकाम करणारे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "गेरू हाय बाई. ह्याच्याखाली परत काळा लागंल."

"पण आला कुठनं?"

"ते आम्हाला काय ठावं. लागतो कधी कधी."

वर येऊन मी कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सर म्हणाले, "आपला सगळा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. एक थर आला, थंड झाला. मग हजारो वर्षं काहीच नाही. तेवढ्या काळात तो झिजून त्याच्यावर माती झाली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती भाजली."

"मग डोंगर कुठंय त्याचा?" भावानं विचारलं. "तोंड कुठंय?"

"डोंगर नव्हताच. जमिनीलाच लांबलांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला."

"परत फाटंल का?"

"नाही हो. ती आग खोलवर होती, ती मागंच राहिली. आपली जमीन सरकत उत्तरेला आली."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. "म्हंजी हे रान इथलं नाय?"

मी व्हय म्हणाले, मग नाही म्हणाले. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण पायाखाली शेत असताना काही केल्या जुळेना. विहिरीला अजून पाणी लागलं नव्हतं, म्हणून मीच भावाला म्हणाले, "लाव्हा म्हणजे कोरडा दगड. जागा बदल."

मिस्त्रींनी मान हलवली. "गेरूच्या वर त्या काळ्यातच मांजऱ्या खडक हाय बाई, भोकाभोकांचा. तो ओला हाय. खाली कशाला जायचं? आडवे बोअर मारू."

भावानं त्यांचं ऐकलं. चौथ्या दिवशी पूर्वेकडच्या बोअरातून पाणी आलं, आधी लाल, मग नितळ. भावानं फोनवर त्याचा आवाज ऐकवला. मी आनंदानं ऐकत होते आणि मनात एकच प्रश्न होता: ती माती भाजायच्या आधी तिच्यावर काय उगवलं असेल? सरांना विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही."