अर्धं टोपलं शेंगा

२५ डिसेंबर. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला बसले आणि त्यांच्या हिरव्या, उग्र वासानं अहेरीतली नाताळची एक सुट्टी आठवली. घरात सात पाहुणे, अंगणात शेकोटी आणि मला तीन दिवसांचा ताप. श्वास घेतला की छातीत घरघर व्हायची. तरी मोठ्या नणंदेनं शेंगांचं टोपलं माझ्यापुढे सरकवलं. "बाई, मले ताप आहे," मी म्हणाले. "तापानं का होते? हात तं चालते ना तुहे?" शेकोटीभोवतीचे सगळे हसले, नवराही हसला. मी मुकाट्यानं अर्धं टोपलं सोललं, याचाच राग आजही जात नाही. उरलेलं टोपलं दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्या एसटीनं गडचिरोलीला जाऊन दवाखान्यात भरती झाले.